दोन कानांचा रेडिओ

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही शहरांत एक गमतीचा प्रयोग करता येत असे. त्यासाठी दोन साधे ट्रान्झिस्टर पुरत, अगदी स्वस्तातलेही चालत. दोन्हींवर एकच मिडियम वेव्ह केंद्र लावायचे. मग डाव्या हाताच्या ट्रान्झिस्टरचा काटा त्या केंद्राच्या जागेपासून केसभर खाली सरकवायचा आणि उजव्या हाताच्या ट्रान्झिस्टरचा केसभर वर. दोघांच्या मधोमध बसून ऐकले, की सारा वाद्यवृंद समोर पसरल्यासारखा वाटे. एक वाद्य डावीकडे, दुसरे उजवीकडे, गाणारा मध्यभागी. केंद्र एकच, पण दोन ट्रान्झिस्टरमधून येणारा आवाज मात्र वेगवेगळा!

ही युक्ती लिओनार्ड कान या अमेरिकी अभियंत्याची. (आयुष्यभर रेडिओचाच विचार करणाऱ्या माणसाला हे आडनाव किती शोभते, ते मराठी वाचकालाच कळेल.) मिडियम वेव्हवर दोन बाजूंचा, म्हणजे स्टिरिओ आवाज पाठवण्याची कल्पना ते १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मांडत होते. पुढे मोठमोठ्या कंपन्या या कामात उतरल्या, एक नव्हे तर पाच पद्धती तयार झाल्या, सरकारी परवानगी मिळाली, लाखो मोटारींमध्ये तसे रेडिओ बसले. आणि तरीही एएम स्टिरिओ हे नाव आज आपल्याला ऐकूनही माहीत नसते. अमेरिकेतही ते रेडिओच्या छंदिष्टांपुरतेच उरले आहे.

वर्गात आपण बहुधा जिंकलेल्या शोधांच्याच गोष्टी सांगतो. त्यामुळे मुलांचा नकळत असा समज होतो, की शोध चांगला असला की लोक तो आपोआप उचलतात, आणि न रुजलेला शोध म्हणजे मुळातच कच्चा शोध. एएम स्टिरिओच्या बाबतीत यंत्र कच्चे नव्हते. मग ते रुजले का नाही? या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर पुष्कळ ठिकाणी दिलेले आढळते. ते उत्तर आम्हांला अर्धेच खरे वाटते. का, ते सांगण्यासाठी जरा मागून सुरुवात करावी लागेल.

दोन कान कशाला?

एका विद्यार्थ्याचे डोळे बांधून त्याला वर्गाच्या मध्यभागी उभे करा. इतरांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून टिचकी वाजवायची आणि त्याने आवाजाच्या दिशेने बोट दाखवायचे. तो बहुतेक वेळा अचूक दाखवेल. आता त्याचा एक कान कापसाने घट्ट बंद करा. बोट चुकू लागेल. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. एकाच कर्ण्यातून येणाऱ्या आवाजात हा फरकच नसतो. म्हणून साध्या रेडिओवर सगळा वाद्यवृंद एका खिडकीत कोंबल्यासारखा ऐकू येतो.

हे ओळखून १९५० च्या दशकात अमेरिकेतली काही केंद्रे डावा आवाज एएमवर आणि उजवा आवाज एफएमवर पाठवत. श्रोत्याने घरात दोन रेडिओ लावायचे. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूक्यूएक्सआर या केंद्राने १९५२ साली असे कार्यक्रम केले होते. पण ज्याच्याकडे एकच रेडिओ असेल त्याला अर्धेच गाणे ऐकू येई! नव्या सोयीमुळे जुन्या श्रोत्याचे नुकसान होता कामा नये, ही अट इथे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आली. पुढच्या सगळ्या कथेत ती सोबत राहणार आहे.

एफएमलाही तीस वर्षे लागली

एफएमचे जनक एडविन आर्मस्ट्राँग. मिडियम वेव्हवर वाहक लहरीचा आयाम, म्हणजे तिची उंची, आवाजाप्रमाणे कमीजास्त केली जाते. ही झाली एएम पद्धत. वीज चमकली, शेजारची मोटार सुरू झाली, की त्यांतून निघणाऱ्या लहरी नेमकी ही उंचीच बिघडवतात आणि रेडिओ खरखरतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला गडगडाटात बातम्या ऐकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. आर्मस्ट्राँग यांनी उंची कायम ठेवली आणि आवाजाप्रमाणे लहरीची वारंवारता बदलली. १९३३ साली त्यांना याची पेटंटे मिळाली. आवाज स्वच्छ, खरखर जवळजवळ नाहीच. म्हणजे ‘चांगला शोध आपोआप रुजतो’ हे खरे असते, तर पाच-दहा वर्षांत अमेरिका एफएममय व्हायला हवी होती.

तसे झाले नाही. १९४१ पासून व्यापारी एफएम केंद्रांना परवानगी मिळाली, तेवढ्यात महायुद्ध आले. १९४५ साली तिथल्या सरकारी नियामक मंडळाने, म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून उचलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेला. लोकांनी पदरचे पैसे घालून घेतलेले लाखो संच एका निर्णयाने निकामी झाले. एकदा पोळलेला ग्राहक दुसरा संच सहजासहजी घेत नाही. १९५४ साली आर्मस्ट्राँग गेले, तेव्हा त्यांच्या शोधाला म्हणण्यासारखे यश आलेले नव्हते.

एफएमचे दिवस पालटले ते दोन गोष्टींनी. पहिली सर्वांना माहीत असते. १९६१ साली कमिशनने एफएम स्टिरिओची एकच पद्धत ठरवून दिली. दुसरी फारशी कोणी सांगत नाही, आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. तोपर्यंत एकाच मालकाची एएम आणि एफएम अशी दोन केंद्रे असली, तर तो एएमचाच कार्यक्रम एफएमवरही लावून मोकळा होई. जे घरातल्या जुन्या रेडिओवर फुकट ऐकू येते, तेच ऐकायला नवा रेडिओ कोण घेणार? १९६० च्या दशकाच्या मध्याला कमिशनने नियम केला, की मोठ्या शहरांतल्या एफएम केंद्रांनी निम्म्याहून अधिक वेळ तोच कार्यक्रम लावायचा नाही. मालक कुरकुरले. पण मोकळा झालेला वेळ कशाने तरी भरणे भाग होते. मग एएमवर ज्यांना जागा नव्हती अशी लांबलचक गाणी, संपूर्ण तबकड्या, नव्या पिढीचे रॉक संगीत एफएमवर आले. तरुण मंडळी या गाण्यांसाठी एफएमकडे वळली; वारंवारता आणि आयाम यांच्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. १९७० चे दशक संपता संपता अमेरिकेत एफएमचे श्रोते एएमपेक्षा जास्त झाले.

आणि तेव्हा कुठे एएमवाल्यांना स्टिरिओची निकड वाटू लागली. संगीताचा श्रोता हातचा चालला होता.

थोडे बीजगणित, थोडी भूमिती

जुन्या रेडिओचे नुकसान न करता दोन आवाज एकाच लहरीवर कसे पाठवायचे? उत्तर सातवीच्या बीजगणितात आहे. डावा आवाज ‘डा’ आणि उजवा ‘उ’ मानू. केंद्राने हे दोन आवाज जसेच्या तसे न पाठवता त्यांची बेरीज (डा + उ) आणि वजाबाकी (डा − उ) पाठवायची. बेरीज नेहमीच्या वाटेने जाते, म्हणून जुन्या रेडिओला पूर्ण गाणे ऐकू येते. वजाबाकी जुन्या रेडिओला दिसणार नाही अशा वाटेने जाते. नवा रेडिओ दोन्ही घेतो. त्यांची बेरीज केली की २डा मिळतो आणि वजाबाकी केली की २उ. एवढेच!

एफएमला ऐसपैस जागा असते, त्यामुळे वजाबाकीला ३८ किलोहर्ट्झवर, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या मजल्यावर बसवता आले. एएमकडे असा वरचा मजलाच नाही. अमेरिकेत मिडियम वेव्हवरच्या केंद्रांच्या जागा १०-१० किलोहर्ट्झ अंतरावर असतात, आपल्याकडे ९ किलोहर्ट्झवर. सगळी दाटीवाटी. तेव्हा वजाबाकी लपवायची तर त्याच वाहक लहरीत लपवायला हवी. साधा एएम रेडिओ लहरीची फक्त उंची पाहतो. ती लहर किंचित आधी आली की किंचित उशिरा, म्हणजे तिची कला काय आहे, हे तो पाहतच नाही. ही त्याची आंधळी बाजू. तिचाच फायदा घ्यायचा.

मोटोरोला कंपनीच्या पद्धतीचा जन्म भूमितीतून झाला. एक आडवी रेघ काढा, ती बेरजेची. तिच्या टोकाला काटकोनात उभी रेघ काढा, ती वजाबाकीची. हवेत जाणारी लहर म्हणजे या काटकोन त्रिकोणाचा कर्ण. कर्णाचा कोन पाहून नवा रेडिओ वजाबाकी शोधून काढतो. पण जुना रेडिओ तर कर्णाची लांबीच मोजणार! पाया ४ आणि उंची ३ असेल, तर त्याला ४ ऐवजी ५ ऐकू येईल, म्हणजे आवाज फाटेल. पायथागोरसने घातलेला हा घोळ मोटोरोलाने असा सोडवला, की कोन तसाच ठेवून कर्णाची लांबी पायाइतकी, म्हणजे ४ करून टाकली. जुना रेडिओ खूश, नवाही खूश. या पद्धतीला ‘सी-क्वाम’ असे नाव होते.

कान यांची पद्धत निराळी. १००० किलोहर्ट्झच्या केंद्रावर ३ किलोहर्ट्झचा सूर लावला, तर हवेत १००० च्या दोन्ही बाजूंना, ९९७ आणि १००३ वर, त्या सुराच्या दोन सारख्या प्रती तयार होतात. एका सुरासाठी दोन प्रती ही उधळपट्टीच. कान म्हणाले, खालच्या बाजूला डावा आवाज ठेवू, वरच्या बाजूला उजवा. सुरुवातीला सांगितलेला दोन ट्रान्झिस्टरचा प्रयोग यामुळेच जमत असे. रात्रीच्या वेळी मिडियम वेव्हच्या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर जातात, आणि थेट आलेल्या लहरीत मिसळतात. अशा वेळी कलेवर अवलंबून असलेल्या पद्धतींमध्ये गायक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हेलकावे खाताना ऐकू येई. कान यांच्या पद्धतीत हा त्रास कमी होता, असे तिच्या चाहत्यांचे म्हणणे.

मॅग्नाव्हॉक्स, हॅरिस आणि बेलार या आणखी तीन कंपन्यांच्या पद्धती होत्या. त्यांच्या तपशिलात आपण जाऊ नये. एकीच्या रेडिओवर दुसरीचा स्टिरिओ नीट उलगडत नसे, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

गुणपत्रकाचा घोळ

रेडिओ उद्योगाने १९७५ साली एक समिती नेमली, १९७७ साली चाचण्या झाल्या. कान आणि हॅरिस या चाचण्यांत नव्हते, पण कमिशनपुढे त्यांनीही आपापले प्रस्ताव मांडले. एप्रिल १९८० मध्ये कमिशनने निकाल दिला: मॅग्नाव्हॉक्सची पद्धत हेच प्रमाण.

एकच गदारोळ उठला. निवडीची कारणे पटण्यासारखी नाहीत, अशी टीका झाली. मग कमिशनने पाचही पद्धतींचे चक्क गुणपत्रक तयार केले. आवाजाच्या शुद्धतेला इतके गुण, जुन्या रेडिओशी जुळण्याला इतके, शेजारच्या केंद्राला त्रास न होण्याला इतके. आपण शिक्षक मंडळी अशी गुणपत्रके रोज करतो, तेव्हा पुढे काय झाले असेल ते आपण ओळखलेच असेल. बेरजा एकमेकींच्या फार जवळ आल्या, आणि एखाद्या विषयाचे गुण थोडे वाढवले की पहिला नंबर बदलणार हे उघड होते.

मार्च १९८२ मध्ये कमिशनने हात झटकले. कुठल्याही केंद्राने कुठलीही पद्धत वापरावी, योग्य ती पद्धत बाजारच निवडेल! त्या काळात अमेरिकेत सरकारी नियंत्रणे कमी करण्याचे वारे जोरात वाहत होते, आणि हा निर्णय त्या वाऱ्याला साजेसा होता. शिवाय निवडायचे तर पुन्हा वाद, पुन्हा खटले. न निवडणे सोपे होते.

बाजार निवड करतच नाही असे नाही. त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेटच्या बाबतीत बाजारानेच बीटामॅक्स मागे सारून व्हीएचएस निवडले. मग रेडिओत ते का जमू नये? फरक असा, की व्हिडिओचा दुकानदार दोन्ही प्रकारच्या कॅसेट फळीवर ठेवू शकत होता, आणि यंत्र घेणाऱ्याला त्या दिवसापासून त्याचा उपयोग होता. रेडिओ केंद्राला मात्र एका लहरीवर एकच पद्धत वापरता येते. केंद्रवाला, संच बनवणारा आणि ऐकणारा हे तिघे वेगवेगळे. त्यांच्यात करार नाही, देवाणघेवाण नाही. श्रोता केंद्राला एक पैसाही देत नाही. मग केंद्रे म्हणाली, संच कुठे आहेत? कारखानदार म्हणाले, केंद्रे कुठे आहेत, आणि असलीच तर कुठल्या पद्धतीची? श्रोत्याला तर काही विचारलेच नव्हते. आडगावात एसटी येत नाही कारण प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत कारण एसटी येत नाही, त्यातलाच प्रकार.

बेलारने लवकरच माघार घेतली. सर्व पद्धती उलगडणारा छोटा रेडिओ सोनी कंपनीने काढला होता, म्हणजे कोंडी तंत्रज्ञानाने फोडता येण्याजोगी होती. पण तो छंदिष्टांच्या हाती राहिला. खरे वजन पडले ते मोटारींचे. जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी रेडिओ बनवणाऱ्या डेल्को या तिच्याच कंपनीने चाचण्या करून मोटोरोलाची पद्धत निवडली, आणि १९८४ च्या गाड्यांपासून तसे रेडिओ येऊ लागले. हॅरिस कंपनीनेही मग आपली पद्धत सोडून तीच धरली. कान मात्र हटले नाहीत. त्यांनी मोठ्या केंद्रांना आपल्या बाजूला ठेवले, जनरल मोटर्सवर पेटंटचा दावाही लावला. परिणाम असा, की एखाद्या शहरातले केंद्र कानपद्धतीने स्टिरिओ पाठवी आणि रस्त्यावरच्या हजारो गाड्यांमध्ये मोटोरोलापद्धतीचा स्टिरिओ रेडिओ असे. केंद्र स्टिरिओ, रेडिओ स्टिरिओ, आणि ऐकू येणारे गाणे मात्र पूर्वीसारखेच एककानी!

कमिशनने निवड टाळली म्हणून एएम स्टिरिओ बुडाला, हेच ते ठरीव उत्तर. १९९२ साली अमेरिकी संसदेने कायदा करून कमिशनला एक पद्धत निवडायला लावले आणि १९९३ साली कमिशनने मोटोरोलाची निवड जाहीर केली. उशीर झाला, आणि उशिरामुळे सारे गेले, असे म्हणून ही गोष्ट इथे संपवतात.

दुसरे अर्धे उत्तर

पण मग ऑस्ट्रेलियाचे काय? तिथल्या सरकारने घोळ न घालता मोटोरोलाची एकच पद्धत ठरवली आणि १९८५ साली प्रक्षेपण सुरू झाले. जपानने १९९२ साली तेच केले. टोकियो आणि ओसाकाच्या मोठ्या खासगी केंद्रांनी एकाच पद्धतीने स्टिरिओ सुरू केला. जपान म्हणजे रेडिओसंचांचे माहेरघर. संच नाहीत ही अडचण तिथे मुळातच नको होती. तरीही दोन्ही देशांत एएम स्टिरिओ टिकला नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शहरांतली व्यापारी एएम केंद्रे १९९० च्या आसपास संधी मिळताच एफएमवर निघून गेली. जपानमध्ये २००० नंतरच्या दशकात एकेक केंद्र स्टिरिओ बंद करत गेले. २०२१ साली तर तिथल्या ४७ खासगी एएम केंद्रांपैकी ४४ केंद्रांनी २०२८ पर्यंत एफएमवर जाण्याचा मानस जाहीर केला.

विज्ञानाच्या भाषेत सांगायचे, तर हा एक नियंत्रित प्रयोगच झाला. संशयित कारण काढून टाकले, तरी परिणाम तोच राहिला. म्हणजे आणखी काही कारण असले पाहिजे.

आमच्या मते ते कारण श्रोत्याच्या हातातल्या रेडिओतच होते. एएम केंद्रातून निघणारा आवाज वाटतो तितका वाईट नसतो. १९८० च्या दशकात अमेरिकेतली केंद्रे १० किलोहर्ट्झपर्यंतचे, काही त्याहूनही वरचे सूर पाठवत. पण दाटीवाटीतल्या शेजारच्या केंद्राची शिट्टी आणि खरखर ऐकू येऊ नये म्हणून संच बनवणाऱ्यांनी रेडिओची खिडकीच अरुंद केली. ३-४ किलोहर्ट्झच्या वरचे सूर त्यातून आतच येत नसत. झांजांचा झणत्कार गेला, शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ बोथट झाले. ही उणीव भरून काढायला केंद्रांनी वरचे सूर मुद्दाम चढवून पाठवायला सुरुवात केली. त्याने शेजारच्या केंद्राला जास्त त्रास होऊ लागला. मग कारखानदारांनी खिडकी आणखी अरुंद केली. मग केंद्रांनी सूर आणखी चढवले! १९८७ साली केंद्रवाले आणि कारखानदार यांनी मिळून १० किलोहर्ट्झची मर्यादा ठरवली तेव्हा ही शर्यत थोडी थांबली, पण खिडक्या पुन्हा रुंद झाल्या नाहीत. रुंद खिडकीचा चांगला एएम रेडिओ बनवायला दोन पैसे जास्त पडतात, आणि एएमसाठी ते खर्च करायला कोणी तयार नव्हते.

अशा रेडिओला स्टिरिओ जोडणे म्हणजे टेलिफोनवरचे गाणे दोन्ही कानांना दोन रिसीव्हर लावून ऐकण्यासारखे होते. दिशा कळली, पण गोडी कुठून येणार? शेजारच्याच पट्ट्यावर खरखर नसलेला, वरच्या सुरांसकट येणारा एफएम स्टिरिओ होता, आणि मोटारीतल्या त्याच रेडिओवर एक बटण दाबले की लागत होता. श्रोत्याने रेडिओतल्या विद्युतमंडलाची तुलना केली नाही. त्याने दोन गाणी ऐकली आणि निवड केली.

आणि ज्या एएम केंद्रांनी तग धरला, त्यांनी तो कशावर धरला? गप्पांवर, बातम्यांवर, वादांवर, सामन्यांच्या धावत्या वर्णनावर. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी एएमवर बोलक्या कार्यक्रमांचे पेव फुटले. एका माणसाचे बोलणे ऐकायला दोन कर्णे लागत नाहीत. म्हणजे एएमला वाचवायला म्हणून जे औषध आणले, त्याची गरज लागणार नाही असाच मार्ग रोग्याने शोधला!

तरी कमिशन निर्दोष होते असे आम्हांला म्हणायचे नाही. १९७७ साली, चाचण्या झाल्या तेव्हा, अमेरिकेतले संगीताचे श्रोते अजून मोठ्या संख्येने एएमवर होते. त्याच वर्षी एक पद्धत ठरली असती, तर कदाचित कारखानदारांनी खिडक्या रुंद करण्याचा विचारही केला असता. १९९३ पर्यंत तो श्रोता तिथे राहिलाच नव्हता. सरकारच्या चुकीने एएम स्टिरिओ मेला असे नाही; पण ज्या सहा-सात वर्षांत तो जगण्याचा संभव होता, ती वर्षे मात्र त्या चुकीने खाल्ली.

आपल्या अंगणात

ही सारी परदेशची कथा म्हणून सोडून द्यावी, असे वाटेल. पण मिडियम वेव्हला नवा जन्म देण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याकडेही झाला आहे. डिजिटल रेडिओ मोंडिआल, थोडक्यात डीआरएम, ही पद्धत आकाशवाणीने स्वीकारली. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीजवळच्या खामपूर इथून लघुलहरींवर तिचे नियमित प्रसारण सुरू झाले. २०१७ पर्यंत देशभर ३५ मिडियम वेव्ह प्रक्षेपक या पद्धतीने सज्ज झाले. त्यांत मुंबई, पुणे आणि पणजी इथलेही होते. इथे पाच पद्धतींचे भांडण नव्हते. सरकारने एकच पद्धत निवडली, प्रक्षेपकही सरकारनेच उभारले. खरखर नाही, एकाच लहरीवर एकाहून अधिक कार्यक्रम, आवाजाबरोबर थोडा मजकूरही पाठवण्याची सोय. कागदावर काहीच उणे नाही.

उणे होते ते संचांचे. सुरुवातीचे डीआरएम संच साध्या ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट महाग होते, आणि गावच्या आठवडी बाजारात तर ते दिसलेच नाहीत. तोवर खेड्यापाड्यांत मोबाईल पोचला. त्याच्यात एफएमही होते आणि पुढे इंटरनेटवरून आकाशवाणीही. डीआरएमने शिरकाव केला तो पुन्हा मोटारींमध्येच. काही कंपन्यांनी आपल्या नव्या गाड्यांत असे संच बसवून दिले, आणि अशा लाखो गाड्या आपल्या रस्त्यांवर आल्या.

त्यांपैकी एक गाडी आमच्या एका मुख्याध्यापक मित्राची. काही वर्षांपूर्वी त्यांच्याबरोबर पुण्याला जाताना आम्ही गाडीतल्या रेडिओच्या पडद्यावर सहज चाळा करत होतो, तर त्यात डीआरएम असे लिहिलेले सापडले. गाडी घेऊन त्यांना तीन वर्षे झाली होती. ते म्हणाले, “हे काय असते बुवा?” पुण्याजवळ पोचल्यावर आम्ही ते लावून दाखवले. क्षणभर काहीच नाही, मग एकदम स्वच्छ, काचेसारखा आवाज. त्यांनी दोन मिनिटे लक्ष देऊन ऐकले. मग हात पुढे करून साधे मिडियम वेव्ह लावले. तिथे खरखर होती, पण कार्यक्रम तोच चालू होता.

“अहो, आवाज सुरेख आहे,” ते म्हणाले. “पण यावर वेगळे काय लागते?”